दुकानात बसलास, ते काम नव्हे का?

विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आटोपल्या की या सदराकडे पत्रं एकदम वाढतात. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच तक्रार असते: "रिझ्युमेत लिहिण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही." नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एचआर विभागात माझी सगळी नोकरी झाली. आता प्रतापनगरच्या एका अभ्यासिकेत शनिवारी मुलांचे रिझ्युमे बघत बसते. तेव्हाही हेच दिसायचं आणि आजही हेच दिसतं की पोरांनी कामं केलेली असतात, कागदावर मात्र ती येत नाहीत. या महिन्यातली पत्रं निवडताना मनात हाच विचार होता. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

ताई, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घर महालात, बाबांचं इतवारीत किराण्याचं ठोक दुकान. कॉलेज सुटलं की संध्याकाळी दुकानात बसतो. मला अकाउंट्सची नोकरी पाहिजे. मित्राचा रिझ्युमे घेऊन त्यात माझी माहिती भरली, पण अनुभवाच्या जागी 'फ्रेशर' सोडून काही सुचत नाही. इंटर्नशिप केली नाही. रिझ्युमे सोबत पाठवतो आहे.

तुझा रिझ्युमे दोनदा वाचला. सुरुवातीलाच 'ध्येय' म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं आहेस, 'नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीत योगदान देणे'. मी नोकरीला लागले तेव्हापासून हे वाक्य वाचते आहे. ते लिहिणाऱ्याबद्दल त्यातून काही कळत नाही, आणि कागदावरची सगळ्यात मोक्याची जागा त्यात जाते. त्याखाली 'प्रामाणिक, मेहनती, टीम प्लेअर', मग दहावी-बारावीचे टक्के, मग छंद: वाचन, संगीत, क्रिकेट. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' अशी प्रतिज्ञा. दुकानाचा एक शब्दही नाही.

म्हणून मी तुला उलट मेल करून विचारलं की दुकानात बसतोस म्हणजे नेमकं काय करतोस. तुझं उत्तर इथे छापते, कारण ते तुझ्या रिझ्युमेपेक्षा कितीतरी चांगलं आहे. "टॅलीत बिलं बनवतो, रोजची तीस-चाळीस होतात. उधारीवाल्यांची यादी ठेवतो, दर सोमवारी फोन करतो. गोंदिया, बालाघाटला माल जातो त्याचं ई-वे बिल काढतो. महिना संपला की खरेदी-विक्रीची बिलं लावून सीए साहेबांकडे नेऊन देतो. मागच्या दिवाळीत एका व्यापाऱ्याचा हिशेब जुळत नव्हता, एक बिल दोनदा चढलं होतं, ते मी शोधलं."

बेटा, अकाउंट्स असिस्टंटच्या जाहिरातीत हेच तर मागतात! बिलिंग, वसुली, जीएसटीची कागदपत्रं, खात्यांची जुळवणी. कॉलेज करता करता तू हे सगळं करतो आहेस. घरच्या दुकानात करतोस आणि पगार घेत नाहीस, म्हणून त्याला काम म्हणायला तुला संकोच वाटतो. तो संकोच सोड.

'ध्येय' काढून त्या जागी हे लिही. इंग्रजीत लिहिशीलच, पण वाक्यं इतकीच साधी ठेव:

हिशेब व बिलिंग (अर्धवेळ), कौटुंबिक किराणा ठोक व्यवसाय, इतवारी, नागपूर. जून २०२३ पासून.
टॅली प्राइममध्ये रोज ३० ते ४० विक्री बिलांची नोंद.
मध्य प्रदेशात जाणाऱ्या मालाची ई-वे बिलं तयार करणे.
उधारीची यादी ठेवणे व दर आठवड्याला वसुलीचा पाठपुरावा.
जीएसटी विवरणासाठी खरेदी-विक्रीची मासिक बिलं लावून सीएकडे देणे.
एका व्यापाऱ्याच्या खात्यात दोनदा चढलेलं बिल शोधून खातं जुळवले.

सुरुवातीचा महिना तुझा खरा असेल तो टाक. आकडे खरेच राहू दे. रोजची तीस बिलं शंभर करायचा मोह होईल, तो आवर. मुलाखतीत बसलेला माणूस अकाउंट्सचाच असतो, दोन प्रश्नांत त्याला समजतं. आणि तुला वाढवून सांगायची गरजच काय? 'ई-वे बिल कधी काढावं लागतं?' असं विचारलं, तर राज्याबाहेर जाणाऱ्या मालाची किंमत ५० हजारांच्या वर असली की, हे तुला पाठ करावं लागणार नाही. 'जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, कधी भरतात?' असं विचारलं, तर दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांसाठी पुढच्या महिन्याची ११ तारीख, हे तू त्या आठवड्यातल्या दुकानातल्या धावपळीवरून सांगशील. पुस्तकातून आलेलं उत्तर आणि हातून गेलेल्या कामाचं उत्तर, दोन्ही ऐकताना वेगळी लागतात. समोरच्याला दुसरं हवं असतं.

संदर्भ म्हणून बाबांचं नाव देऊ नको. सीए साहेबांना भेट, परवानगी विचार आणि त्यांचं नाव दे. तुझी बिलं दर महिन्याला त्यांच्याच हातात जातात, तुझ्या कामाबद्दल तेच बोलू शकतात. त्याच भेटीत 'तुमच्याकडे किंवा ओळखीत कुठे जागा आहे का' हेही विचार. आयकर विवरणं आणि ऑडिटच्या मुदती जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान येतात, त्यामुळे धंतोली-रामदासपेठेतल्या सीए ऑफिसांना त्याआधी हाताखाली माणूस हवा असतो. पहिला पगार कमी असेल. पण तिथल्या एका सीझनमध्ये जेवढं शिकशील तेवढं दुसरीकडे वर्षभरातही मिळणार नाही.

आणि दुकानाचं काम रिझ्युमेत लिहिलं आहे हे बाबांना वाचून दाखव.

मॅडम, कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.१. कॅम्पसला दोन कंपन्यांत शेवटच्या राउंडमध्ये राहिलो. त्यानंतर नोकरीच्या पोर्टलवर आणि लिंक्डइनवर दोनशेच्या वर अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. रिझ्युमे कॅनव्हावर बनवलेला आहे, सगळ्यांना आवडतो. चूक कुठे होते आहे?

तुझी पीडीएफ उघडली, सगळा मजकूर सिलेक्ट केला आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केला. काय आलं ते ऐक. पहिल्या ओळीत तुझ्या नावाऐवजी 'छंद'. डाव्या निळ्या पट्टीतला फोन नंबर प्रोजेक्टच्या वर्णनाच्या मधोमध घुसला. मेल आणि लिंक्डइनच्या चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन. जावा, पायथनच्या पुढे तू ज्या रंगीत पट्ट्या काढल्यास त्यांचं काहीच आलं नाही. शिक्षण सगळ्यात खाली गेलं.

मोठ्या कंपन्यांत आणि पोर्टलवर आलेले अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमधून जातात. त्याला एटीएस म्हणतात. ते मजकूर वेगळा काढतं, त्यातून नाव, शिक्षण, पास झाल्याचं वर्ष, कौशल्यं असे रकाने भरतं, आणि मग एचआरचा माणूस त्यात हवे ते शब्द टाकून शोधतो. दोन कॉलम, टेबल, टेक्स्ट बॉक्स आणि चित्रं आली की अशा सॉफ्टवेअरचा गोंधळ होऊ शकतो. त्यात रकाने चुकीचे भरले गेले, तर तुझं नाव शोधात येणारच नाही. डोळ्याला छान दिसणारा कागद तिथे उपयोगाचा नाही. एकच कॉलम, साधा फॉन्ट, शिक्षण, प्रोजेक्ट, कौशल्यं असे नेहमीचे मथळे, एक पान, आणि वर्डमधून किंवा गुगल डॉक्समधून काढलेली पीडीएफ. पाठवण्याआधी नोटपॅडची चाचणी स्वतः कर. पेस्ट केलेला मजकूर वरून खाली सरळ वाचता आला, की झालं.

आता मजकुराकडे येते. 'जावा ८० टक्के' म्हणजे काय? जावाचे वीस टक्के कोणते येत नाहीत? त्या पट्ट्या काढ आणि जे वापरून काही बनवलं आहेस तेवढंच लिही. प्रोजेक्टच्या जागी फक्त 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम, ४ जणांचा गट' एवढंच आहे. या नावाचे प्रोजेक्ट दर वर्षी ढिगाने येतात. चौघांत तू काय केलंस? फोनवर तू मला सांगितलंस की अपॉइंटमेंटचा भाग पूर्ण तुझा होता, आणि एकाच वेळी दोघांना तीच वेळ मिळायची, ती अडचण तू डेटाबेसमध्ये अट घालून सोडवलीस. अरे, हे सोडून तू बाकी सगळं लिहिलंस! प्रोजेक्टखाली हीच दोन वाक्यं हवीत, आणि जिथे कोड ठेवतात त्या गिटहबची लिंक. त्या लिंकवर प्रोजेक्ट कसा चालवायचा याची चार ओळींची माहिती असू दे.

काही ओळी चॅटजीपीटीकडून लिहून घेतल्यास, ते वाचताच कळतं. व्याकरण तपासायला त्याची मदत जरूर घे. पण 'स्पिअरहेडेड' या शब्दाचा अर्थ मी विचारला तेव्हा तू थांबलास. मुलाखत घेणाराही अशाच शब्दावर बोट ठेवेल. जे तोंडाने सांगता येत नाही ते कागदावर नको.

दोनशे अर्जांबद्दल. टेस्टिंग, वेब डेव्हलपमेंट आणि डेटा ॲनालिसिस, तिन्हीकडे तू एकच कागद पाठवलास. तिन्हींसाठी वेगळी प्रत ठेव. माहिती तीच, पण त्या कामाला जवळचा प्रोजेक्ट वर आण. जाहिरातीतला जो शब्द तुला खरोखर लागू पडतो तो तसाच्या तसा वापर. त्यांनी 'माय-एसक्यूएल' लिहिलं असेल तर तू नुसतं 'डेटाबेस' लिहून थांबू नको. आठवड्याला दहा अर्ज, पण जाहिरात नीट वाचून.

नागपुरातच राहायचं असेल, तर मिहानमधल्या टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांच्यावर सगळ्यांचंच लक्ष असतं. परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंटसारखी मोठी कंपनी आहे, आणि शहरात कितीतरी लहान कंपन्या आहेत, ज्या जाहिरात देतातच असं नाही. तिथे तुझ्या कॉलेजचे सीनिअर्स असतील. लिंक्डइनवर त्यांना 'सर, प्लीज रेफर मी' असा निरोप पाठवू नको. मी अमुक वर्षाचा विद्यार्थी, अमुक काम केलं आहे, तुमच्या टीममध्ये फ्रेशर्सना सुरुवातीला कोणतं काम देतात हे दहा मिनिटं विचारता येईल का, असं लिही. मदत करणारी माणसं भेटतात. नुसतं रेफरल मागणाऱ्याला मात्र टाळतात.

सीजीपीएचे टक्के करताना विद्यापीठाने दिलेलंच सूत्र वापर. प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, आणि मित्राच्या कॉलेजचं सूत्र लावून आलेला आकडा कागदपत्रं तपासताना अडचणीत आणतो.

फोटो लावावा का? वडिलांचा व्यवसाय, जात, वैवाहिक स्थिती लिहावी का? आमच्या घरी सगळे म्हणतात लिहावं लागतं. (बी.एस्सी., नंदनवन)

खाजगी नोकरीसाठी यातलं काहीच नको. नाव, फोन, मेल, राहण्याचा भाग आणि शहर पुरे. आधार आणि पॅनचा क्रमांक रिझ्युमेवर कधीच टाकू नको. जाहिरातीत फोटो मागितला असेल तरच लाव. सरकारी अर्ज वेगळा, तिथे फॉर्ममध्ये जे विचारलं आहे ते सगळं भरायचं. आणि तुझा मेल आयडी 'प्रिन्सेस' शब्दाने सुरू होतो, तो बदल. नाव आणि आडनाव असलेला नवा आयडी काढायला पाच मिनिटं लागतात.

ताई, खूप घाबरून लिहिते आहे. मिहानमधल्या एका मोठ्या कंपनीच्या नावाने मेल आला की तुमची निवड झाली. मुलाखत व्हॉट्सअॅपवर झाली. ऑफर लेटर आलं, त्यावर शिक्का पण आहे. युनिफॉर्म आणि ट्रेनिंगसाठी ३,५०० रुपये भरले. आता लॅपटॉपच्या डिपॉझिटचे १२,००० मागतात, जॉइनिंगला परत देऊ म्हणतात. घरी सांगितलेलं नाही.

तुला आधीच फोनवर सांगितलं, बाकीच्यांसाठी इथे लिहिते. ही फसवणूक आहे. बारा हजार भरायचे नाहीत. नोकरी देणारा पगार देतो, तो तुझ्याकडून पैसे घेत नाही. युनिफॉर्म, ट्रेनिंग, पडताळणी, डिपॉझिट, नाव काहीही असो.

असं घडलं की लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची. जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढे जाण्याआधी थांबण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी हे आणि रडणं नंतर. बँकेलाही कळवायचं. त्यांचे मेसेज, मेल, पैसे पाठवल्याचा तपशील यातलं काही डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. नंतर कोणी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणत आलं, तर तोही त्याच माळेचा मणी समजा.

मेल कुठून आला ते बघा. कंपनीच्या नावामागे जीमेल लावलेला पत्ता असेल, किंवा स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त असेल, तर तिथेच थांबा. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर करिअरचं पान असतं, तिथे ती जागा आहे का पाहा. तिथल्याच नंबरवर फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको.

घरी सांग, बाळा. आज संध्याकाळीच. आई रागावेल, पण आधार आणि मार्कशीटच्या प्रती तू त्यांना पाठवल्या आहेस. उद्या त्याबद्दल काही आलं तर घरच्यांना माहीत असलेलं बरं. यात तुझी अक्कल काढण्यासारखं काही नाही. नोकरीची निकड असलेल्या माणसालाच हे लोक गाठतात.

एका लहान कंपनीत निवड झाली. दोन वर्षांचा बॉण्ड आणि मूळ मार्कशीट ठेवून घेणार म्हणतात. देऊ का? (एमसीए, मानेवाडा)

मूळ मार्कशीट देऊ नको. तपासायला दाखव, सत्यप्रत दे, डिजिलॉकरमधली प्रत दे. बॉण्ड मात्र नुसता धमकीचा कागद समजून सही करू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली आहे. प्रत्येक बॉण्ड टिकेलच असं नाही, रक्कम वाजवी आहे का, कंपनीने प्रशिक्षणावर खरंच खर्च केला का, हे पाहिलं जातं. पण 'बॉण्डला काही अर्थ नसतो' हे मित्राचं म्हणणं घेऊन बसू नको. रक्कम आणि मुदत वाच, एक प्रत स्वतःकडे ठेव. मूळ कागदांवर ते अडून बसले, तर ती नोकरी सोड.

मी नरखेड तालुक्यातली, बी.ए. झाली. मराठी माध्यम. घरी संत्र्याचा बगीचा. नागपूरला नोकरी करायची इच्छा आहे पण इंग्रजी बोलता येत नाही, मुलाखतीला गेली की घशातून शब्दच निघत नाही. मैत्रिणी म्हणतात इंग्रजी स्पीकिंगचा क्लास लाव, त्याची फी फार आहे.

तुझं मराठी पत्र किती नेटकं आहे! एकही वाक्य वाकडं नाही. हे येतं, हे आधी मान्य कर.

सगळ्या नोकऱ्यांना फाडफाड इंग्रजी लागत नाही. मायक्रोफायनान्स, खतं-बियाणांच्या कंपन्या, विम्याची कार्यालयं, दवाखान्यांचे स्वागतकक्ष, ग्रामीण भागात काम करणाऱ्या संस्था, यांना काटोल-नरखेडकडच्या शेतकऱ्याशी बोलू शकणारं माणूस हवं असतं. आंबिया आणि मृग बहरातला फरक ज्याला समजावून सांगावा लागतो अशा मुलापेक्षा तू तिथे पुढे आहेस. तोडणीच्या वेळी मजुरांची हजेरी तू मांडतेस, कळमन्याला जाणाऱ्या गाडीतले क्रेट मोजून लिहितेस, हे पत्रात सहज लिहून गेलीस. ते रिझ्युमेत हवं. एनएसएसच्या शिबिरात काय केलंस तेही, नुसतं 'सहभाग' नको.

टायपिंग शिक. जीसीसी-टीबीसीची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट हे प्रमाणपत्र सरकारी लिपिक-टंकलेखक भरतीत मागतात, आणि खाजगी ऑफिसातही मराठी टायपिंग येणारं माणूस सहजी मिळत नाही.

इंग्रजीचं म्हणशील तर महागडा क्लास आत्ताच लावू नको. मुलाखतीचं पहिलं मिनिट तेवढं पक्कं कर. नाव, गाव, शिक्षण, केलेलं काम आणि ही नोकरी का हवी, अशी आठ साधी वाक्यं स्वतः लिही. फोनवर रेकॉर्ड कर, ऐक, पुन्हा कर. रटाळ वाटेल, तरी रोज कर. पहिलं मिनिट नीट गेलं की घसा मोकळा होतो, हे मी टेबलाच्या पलीकडून कितीदा पाहिलं आहे. पुढे अडलीस तर सरळ म्हण, "हे मी हिंदीत किंवा मराठीत सांगू का?" आमच्याकडे असं विचारणाऱ्या मुलींची निवड झाली आहे. रिझ्युमेत भाषांच्या जागी खरं लिही: मराठी मातृभाषा, हिंदी बोलता येते, इंग्रजी वाचता-लिहिता येतं, बोलण्याचा सराव सुरू आहे.

मुलाखतीला येताना त्याच सकाळच्या गाडीवर विसंबू नको. वेळ सकाळची असेल तर फोन करून दुपारची मागून बघ. बाहेरगावाहून येणाऱ्याला बहुतेक ठिकाणी देतात. विचारल्याशिवाय मात्र कोणाला कळणार नाही.

नमस्कार. मुलगा मेकॅनिकलचा बी.ई., २०२२ मध्ये पास झाला. त्यानंतर दोन-अडीच वर्षं एमपीएससीत गेली, काही झालं नाही. आता घरीच आहे, कोणाशी बोलत नाही. बुटीबोरीला माझे एक मित्र मॅनेजर आहेत. त्याचा बायोडाटा मी त्यांना व्हॉट्सअॅपवर टाकू का? आणि गॅप कसा लपवावा? (एक वडील, वर्धमाननगर)

आपलं पत्र वाचून काळजी कळली. आधी गॅपबद्दल. लपवू नका. एचआरमधला अनुभवी माणूस तारखाच आधी पाहतो. झाकलेली दोन वर्षं दिसली की तो वाईटात वाईट कल्पना करतो, आणि लिहिलेली असली की पुढे जातो. '२०२२ ते २०२४, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी' अशी एक सरळ ओळ पुरे. एखादा टप्पा पार केला असेल तर तोही. या शहरात अर्ध्या घरांत एखादं मूल अभ्यासिकेत बसलेलं असतं, मुलाखत घेणाऱ्याच्या घरातही असेल.

अडचण दुसरी आहे. विचारलं जाईल, 'मेकॅनिकल आठवतं का?' त्यासाठी आत्ता हाताला काम लागलं पाहिजे. ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची उजळणी करू द्या, आणि अप्रेंटिसशिपचा विचार कमीपणाचा मानू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पदवीधर अभियंत्यांनाही ती करता येते. नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करावी, आणि अंबाझरीचा आयुध कारखाना, वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल यांच्या संकेतस्थळांवर जाहिरातींकडे लक्ष ठेवावं. किती वर्षांपूर्वी पास झालेले चालतात, ही अट प्रत्येक जाहिरातीत आधी वाचावी. शेवटी तिथेच नोकरी मिळेल असं नाही. पण शॉप फ्लोअरवरचं एक वर्ष रिझ्युमेत आलं की गॅपचा प्रश्न मागे पडतो.

मित्राबद्दल. ओळख वापरण्यात गैर काही नाही, फक्त आपण पुढे होऊ नका. मित्राला एवढंच सांगा की मुलगा फोन करेल. फोन त्याने करावा, कागद त्याने पाठवावा. वडिलांचा फोन यायचा तेव्हा आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न हाच निघायचा, मुलाला स्वतःला हवी आहे का नोकरी? बुटीबोरी शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. तिन्ही पाळ्या चालतील का, जाण्या-येण्याची सोय काय, हे त्याने रिझ्युमेत एका ओळीत लिहावं. कारखान्याच्या एचआरला ही ओळ फार कामाची असते. दोन सारख्या अर्जांतून आम्ही ती लिहिणाऱ्याला आधी बोलवायचो.

आणि एक विनंती, धाकट्या बहिणीची समजून ऐका. पत्रात आपण तीन ठिकाणी 'वर्षं वाया गेली' असं लिहिलं आहे. घरात तो हे रोज ऐकत असेल. काही दिवस हे शब्द काढू नका. इतिहास, राज्यघटना, अर्थशास्त्र यांचा रोज बारा तास अभ्यास केलेला मुलगा आहे तो. शनिवारी दुपारी अभ्यासिकेत त्याला एकट्याला पाठवा. त्याच्यासोबत बसून रिझ्युमे मी लिहीन. तो बराच वेळ बोलला नाही तरी चालेल.

*पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना सध्याचा रिझ्युमे जोडावा. त्यातला फोन नंबर आणि घरचा पत्ता आधी काढून टाकावा. कोणती नोकरी हवी आहे, त्या जाहिरातीचा मजकूरही सोबत द्यावा.*